कुणी न पाहिलेला तास

रोज सकाळी पहिला तास सुरू व्हायच्या आधी उलकान एजे डोळे मिटून कपाटातला एक पत्र्याचा डबा काढायच्या. चिमूटभर माती तळहातावर घ्यायच्या, तिच्यावर पाण्याचे दोन थेंब टाकायच्या आणि दोन्ही तळव्यांमध्ये तिची वळी वळायच्या. वळीच झाली नाही तर वाळू. वळी झाली, पण वाकवताना तुटली, तर पोयटा. वाकून तिचं अखंड कडं झालं तर चिकणमाती. माती कुठल्या गावची हे मनाशी ठरवायचं आणि मग डोळे उघडून डब्यावरची चिठ्ठी वाचायची. इतक्या वर्षांत हात क्वचितच चुकला होता. चुकला की त्या दिवशी वर्गात त्यांचा आवाज जरा करडा असे, आणि मुलं आपसांत म्हणत, "आज डबा फसला."

ओश शहराच्या विद्यापीठात शेतकीच्या इमारतीतल्या दुसऱ्या मजल्यावरची ती खोली छत्तीस वर्षं त्यांची होती. थोरल्या बहिणीला म्हणतात तसं सगळे त्यांना एजे म्हणत. वय बासष्ट. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. मुलगी पेरिझात नोवोसिबिर्स्कला नोकरी करत होती, तिचा फोन रविवारी येई.

"जेवलीस का, आई?"

"जेवले."

"काय जेवलीस?"

"काल होतं तेच."

मग तिकडच्या थंडीची चौकशी होई आणि फोन संपे. आठवड्याचं बाकीचं बोलणं वर्गातच व्हायचं.

मार्चमधल्या एका सोमवारी विभागप्रमुख कुबातबेकनं सगळ्यांना बोलावलं. हा कुबातबेक एकेकाळी एजेंच्या वर्गात शेवटून दुसरा आला होता. त्यानं कागद वाचून दाखवला. परदेशातल्या एका विद्यापीठाशी जोडपदवीचा करार होतोय. पदव्युत्तरचे सगळे विषय आता इंग्रजीतून शिकवायचे. पुढच्या वर्षी मे महिन्यात त्यांची माणसं येतील, इच्छुकांचा एकेक खुला तास बघतील. तास पसंत पडेल त्याचा विषय त्याच्याकडे राहील.

"आणि पसंत पडणार नाही त्याचं काय?" एर्गेश बायकेंनी विचारलं. पिकांचे रोग शिकवणारे एर्गेश विभागात सगळ्यांत थोरले, म्हणून सगळे त्यांना थोरल्या भावाला म्हणतात तसं बायके म्हणत.

"बायके, पहिल्या-दुसऱ्या वर्षाची मुलं आहेतच की. नाहीतर… विश्रांती."

"विश्रांती! ऐकलंत का रे? आमच्या गावात म्हाताऱ्या घोड्यालाही असंच सांगतात. आणि थंडी पडली की त्याचं मांस आतड्यात भरून आढ्याला लटकतं."

सगळे हसले. कुबातबेकही हसला, पण कागद त्यानं खाली ठेवला नाही.

"येतात, पलोव खातात, आपली टोपी घालून फोटो काढतात आणि जातात," दुसरं कुणी म्हणालं. "दहा वर्षांत तीन करार झाले. एकाचा तरी कागद सापडतो का बघा."

"चांगलंच आहे," मोबाईलवरून नजर न काढता एकजण म्हणाला. तो कुठल्याही ठरावाला चांगलंच आहे म्हणे.

"माझी तांबेऱ्याची बुरशी कुठली भाषा बोलते ते आधी विचारा त्यांना," एर्गेश बायके म्हणाले. "तिला इंग्रजी येत असेल तर मीही शिकतो."

"बुरशीला पगार मिळत नाही, बायके. तुम्हाला मिळतो," कुबातबेक म्हणाला.

हशा ओसरल्यावर उलकान एजे म्हणाल्या, "मातीचा तास मी घेईन. इंग्रजीतून."

 एर्गेश बायकेंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू त्यांनी पंगतीतून पान उचललं होतं.

एजे असं का म्हणाल्या, हे त्यांनी कुणाला समजावून सांगितलं नाही. एक्याऐंशी साली त्या काराकुलजाच्या डोंगरातून शेतकी शिकायला राजधानीत गेल्या तेव्हा त्यांना रशियन येत नव्हतं, आणि वर्गात दुसरं काही बोललं जात नव्हतं. वर्षभर त्या मुक्या होत्या. एकदा परीक्षकानं समोर मातीचं ढेकूळ ठेवून विचारलं, ही कसली? त्यांना ती ओळखू येत होती, चिमटीत धरल्या धरल्या कळली होती, पण तोंडातून शब्द निघाला नाही. त्या विषयात त्या नापास झाल्या. पुढे देश बदलला. खेड्यांतून रशियन न येणारी मुलं येऊ लागली आणि पुस्तकं मात्र रशियनच राहिली, तेव्हा एजेंनी सगळा विषय हातानं आपल्या किर्गिझ भाषेत उतरवून काढला. जे शब्द नव्हते ते मेंढपाळांना आणि म्हाताऱ्यांना विचारून आणले. भाषा बदलली की वर्गात कुणीतरी मुकं होतं, हे त्यांच्याइतकं तिथे कुणाला माहीत होतं? पण त्यांच्या वह्यांमध्ये ओशच्या खोऱ्यातल्या चारशे ठिकाणच्या मातीची टिपणं होती, आणि छत्तीस वर्षांत बाहेरच्या एकाही माणसानं त्यांना त्याबद्दल एकही प्रश्न विचारला नव्हता. कुणीतरी विचारावा, इतकीच त्यांची इच्छा होती.

त्या सोमवारनंतर एर्गेश बायकेंनी चहाला येणं बंद केलं. रोज अकराला ते आपली वाटी घेऊन एजेंच्या खोलीत यायचे, खिडकीपाशी बसून गव्हाच्या रोगांना शिव्या घालायचे. तीस वर्षांची सवय. आठवडाभर वाट बघून एजेंनी त्यांना जिन्यात गाठलं.

"बायके, चहा थंड होतोय."

"आता तुझ्या चहाला साखर इंग्रजीतून मागावी लागेल."

"थट्टा पुरे."

"थट्टा नाही, उलकान. तू हो म्हणालीस आणि आम्ही सगळे एका दिवसात म्हातारे ठरलो. तू नाही म्हणाली असतीस तर आपण सगळे अडाणी, पण सोबत होतो."

एजे आपल्या खोलीत परतल्या. अकराचा चहा त्या एकट्याच पिऊ लागल्या.

इंग्रजी त्यांना आयझिरेकनं शिकवलं. ती तीन वर्षं परदेशात मातीचाच विषय शिकून विभागात नुकतीच रुजू झाली होती. मंगळवारी आणि शुक्रवारी ती यायची, एजे वही उघडून बसायच्या, आणि छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढणारी बाई लेकीच्या वयाच्या मुलीकडून चुका काढून घ्यायची.

"एजे, तुम्ही इंग्रजी बोलता की मेंढ्या हाकता?"

"जीभ जड आहे ग. चिकणमाती आहे ती."

"मग थोडी वाळू मिसळा."

व्हरांड्यात सहकारी त्यांना मुद्दाम "हॅलो, हॅलो" करत. एजे मान डोलावून पुढे जात. घरी त्या पाचव्या मजल्यावरच्या खिडकीत उभ्या राहून तासाचं एकेक पान मोठ्यानं वाचत. समोरच्या गच्चीत कपडे वाळत घालणारी शेजारीण सुरुवातीला थबके, मग तिलाही सवय झाली. एकदा तर तिनं हाक मारून विचारलं, "आज बोलणार नाही का?" चौदा महिन्यांत असं आपणहून विचारणारी ती एकटीच होती.

तासाचा दिवस आला. पाहुणे तिघे होते, त्यांतली एक बाई मृदाशास्त्राची होती. एजेंचा तास दहाला. इतर कुणी नाव दिलंच नव्हतं. वर्गात अठरा मुलं इस्त्रीचे कपडे घालून बसली होती आणि मागे तीन खुर्च्या मांडल्या होत्या.

पाहुणे नऊला उतरले. आता आलेल्या माणसाला भाकरी न मोडता वर्गात नेणं आमच्याकडे कुणालाच जमणारं नाही. खालच्या सभागृहात बोरसोकचे, म्हणजे तळलेल्या पिठाच्या तुकड्यांचे, ढीग होते, साय, मध, अक्रोड, घोड्याच्या मांसाचे काप. अंगणात एर्गेश बायकेंनी पहाटेच कढई चढवली होती. उझगेनचा लाल तांदूळ, कोकराचं मांस आणि पिवळं गाजर घातलेला त्यांचा पलोव सगळ्या ओशमध्ये नावाजलेला होता.

दहा वाजले. सव्वादहा झाले. खालून टाळ्यांचा आवाज वर येत होता. कुणीतरी भाषण करत होतं, मग दुसरं कुणीतरी.

"एजे, खाली जाऊन बघून येऊ का?" पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं.

"नको. येतील. जेवणाऱ्याला उठवू नये."

साडेदहाला त्यांनी मागच्या खुर्च्यांकडे एकदा पाहिलं आणि तास सुरू केला. इंग्रजीतून. पहिली दोन वाक्यं अडखळली, तिसरं सरळ गेलं. मग हाताला माती लागली आणि त्या विसरल्या की आपण कुठल्या भाषेत बोलतोय. मुलांनी मातीच्या वळ्या वळल्या, मोडल्या; सगळी हसली. कधी न बोलणारा एक मुलगा मागून इंग्रजीत म्हणाला, "ही तुटते, कारण तिला भूक आहे." एजे म्हणाल्या, भूक नाही, चिकण कमी आहे, पण तुझं म्हणणं मला समजलं. हेही इंग्रजीतच म्हणाल्या. घंटा झाली तेव्हा कुणी उठलं नाही. आयुष्यात त्यांनी घेतलेल्या चांगल्या तासांपैकी तो एक होता. खुर्च्या रिकाम्याच होत्या.

हात धुऊन त्या खाली गेल्या. कुबातबेकनं लगबगीनं त्यांना पाहुण्यांशेजारी मानाच्या जागी बसवलं आणि कानाशी वाकून म्हणाला, "एजे, झालं काम. कागदावर सह्या झाल्या. 'उत्तम' लिहिलंय. विषय तुमचाच."

"तास कुणी पाहिला?"

"पाहिल्यासारखाच आहे. तुमच्याबद्दल मी सगळं सांगितलं त्यांना. आता खा."

पाहुणी बाई हसून त्यांच्याकडे बघत होती. ताटात पलोव होता. एजेंना बोलायचं काही कारण नव्हतं. विषय राहिला होता, खोली राहिली होती. दोन शब्द गोड बोलायची त्यांची पाळी आली, तेव्हा त्या उभ्या राहिल्या आणि इंग्रजीत, सावकाश, एकही चूक न करता म्हणाल्या, "आपण आलात, आमचं अन्न खाल्लंत, आनंद वाटला. पण माझा तास कुणीही पाहिलेला नाही. तुमच्या कागदावर जे लिहिलंय ते खरं नाही. मी दोन वाजता पुन्हा घेते. कृपा करून या."

सभागृहातल्या बहुतेकांना शब्द कळले नाहीत, पण पाहुण्यांचे चेहरे सगळ्यांना वाचता आले. बाईच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांची गाडी एकला निघणार होती, विमान चुकवता येणार नव्हतं. तिनं कागद परत मागितला, 'उत्तम'वर रेघ मारली, वर 'पाहिला नाही' असं लिहिलं आणि उठून एजेंचा हात दोन्ही हातांत धरला. तिनं प्रश्न मात्र कुठलाच विचारला नाही.

"पाहुण्यांच्या तोंडावर!" गाडी गेल्यावर कुबातबेक म्हणाला. "नाक कापलंत तुम्ही माझं. सही झाली होती, एजे! कुणाचं काय बिघडत होतं?"

"मी तास घेतला होता रे, कुबात."

"घेतला होता, माहीत आहे मला!"

"नाही, तुला माहीत नाही," एजे म्हणाल्या.

अंगणात एर्गेश बायके पालथ्या झाऱ्यानं कढई खरवडत होते. एजे जवळ जाऊन उभ्या राहिल्या तरी त्यांनी मान वर केली नाही.

"पहिल्या ताटानंतरच ते पुरे म्हणाले होते," ते म्हणाले. "मी तीनदा वाढलं. भाषणंही मीच लांबवली."

"का?"

"का म्हणजे? साठी उलटल्यावर, पोरांसमोर, परक्या माणसांसमोर तुझी जीभ अडकलेली बघायची होती का मी? कुबातला म्हटलं, बसव त्यांना, खाऊ घाल, सही घे. तिची फजिती नको." झारा थांबला. "तुझ्याच भल्यासाठी केलं, उलकान."

"दाराशी येऊन एकदा ऐकलं असतंत."

"मला कुठे कळतं त्यातलं?"

"माझा आवाज कळला असता."

एर्गेश बायकेंनी ताटलीत थोडा खरवडलेला भात घातला, वर दुसरी ताटली पालथी घातली, फडक्यात बांधून त्यांच्या हातात दिला. एजेंनी तो घेतला. त्यांच्याइतका एकाकी माणूस त्या दिवशी ओशमध्ये नसेल, पण हे कुणी वैरानं केलं असतं तर सोपं गेलं असतं, असंच त्यांना बसमध्ये वाटत राहिलं. इतक्या सगळ्यांनी त्यांना सांभाळून घ्यायचं ठरवलं होतं, आणि त्यांना जमेल असं एकालाही वाटलं नव्हतं.

जूनमध्ये आदेश निघाला. पदव्युत्तरचा मातीचा विषय आयझिरेककडे गेला. तिच्याकडे बाहेरचं प्रमाणपत्र होतं, तिला तास दाखवायची गरज नव्हती. ती रडत आली तेव्हा एजेंनी तिच्यासमोर चहा ठेवला आणि चारशे ठिकाणांच्या टिपणांच्या वह्या पोत्यात भरून तिच्या हवाली केल्या. सप्टेंबरपासून एजे पहिल्या वर्षाला किर्गिझमधून शिकवू लागल्या. एर्गेश बायके अकराला पुन्हा चहाला येऊ लागले. दोघं खिडकीपाशी बसत, गव्हाबद्दल बोलत. 

नोव्हेंबरमध्ये आयझिरेक म्हणाली, "एजे, माझ्या तासाला येऊन बसा ना. मी बरं शिकवते की वाईट, सांगणारं कुणीच नाही. कागद भरतात आणि जातात."

एका गुरुवारी त्या गेल्या. शेवटच्या बाकावर ओव्हरकोट न काढता बसल्या, पूर्ण तास ऐकलं, वहीत काहीतरी लिहीत राहिल्या. मधे एकदा त्या हसल्याचं मुलांना आठवतं.

त्यानंतरच्या रविवारी पेरिझातच्या फोनला उत्तर आलं नाही. शेजारणीनं दार उघडवलं. हृदय झोपेतच थांबलं होतं. डोंगरात माती देताना एर्गेश बायकेंनी आमच्याकडे म्हणतात तसं म्हटलं, तिची माती रेशमाची होवो. 

गुरुवारच्या तासानंतर आयझिरेक जिन्यापर्यंत एजेंच्या मागे धावली होती. विचारलं होतं, "कसा झाला, एजे? खरं सांगा." एजेंनी हातमोजे चढवले, कठड्याला धरून एक पायरी उतरल्या आणि वळून म्हणाल्या, "चांगला झाला. पण फळ्याकडे तोंड करून बोलू नकोस, शेवटच्या बाकावर ऐकू येत नाही."