तिसरी शाल

दमले मी हा किस्सा सांगून. खरं तर मी सांगतच नाही. लोक सांगतात आणि मला शेजारी उभं करतात, "हीच ती पोरगी!" म्हणून. म्हटलं, एकदा नीट लिहूनच टाकावा. म्हणजे पुढच्या वेळी कागद पुढे करायचा आणि आपण चहा घ्यायचा. हसायचं तेवढं हसून घ्या. मला सवय झालीय.

आधी एक सांगते. मी लोकांच्या चेहऱ्याकडे बघत नाही. लाज वाटते. पायांकडे मात्र अगदी बारकाईने बघते. शेणव्याजवळच्या आमच्या गावात आई एका खोलीतलं वाचनालय चालवते. शाळेतून आले की देवघेवीच्या टेबलाशी मी बसते. अंगठा शिवलेली चप्पल म्हणजे पोस्टमनकाका, चिखलाने माखलेले बूट म्हणजे दूधवाले दादा. मान वर करायची गरजच काय? हात पुढे करायचा आणि म्हणायचं, "जमा करा."

हे "जमा करा" लक्षात ठेवा. माझा घात त्यानेच केला.

शहापूर आणि मुरबाड मिळून ग्रंथपालांचा एक संघ आहे. वर्षातून एकदा त्याचं अधिवेशन भरतं. म्हणजे काय होतं? दिवा लावतात, मागण्या मांडतात (गेल्या वर्षीच्याच), आणि मग सत्कार सुरू होतात. सत्कार काही संपत नाहीत! समोर बसलेली निम्मी माणसं पेंगतात, उरलेली निम्मी जेवणाचा वास घेत बसतात. यंदा अधिवेशन मुरबाडला होतं आणि सत्कारात आईचंही नाव होतं.

पण आईचा जीव सत्कारात नव्हता. तो होता प्रमुख पाहुण्यांच्या पुस्तकांत. हे पाहुणे म्हणजे विशे गुरुजी, शाळेतून निवृत्त झालेले. आता मुलाकडे कल्याणला राहायला निघाले होते, आणि घरातली सगळी पुस्तकं ते एका वाचनालयाला देणार होते. कोणत्या वाचनालयाला, ते त्याच दिवशी व्यासपीठावरून सांगणार होते. आमच्या वाचनालयातलं प्रत्येक पुस्तक मी दोनदा वाचलंय. काहींची शेवटची पानं नाहीत, ती मी मनाने रचलीत. तेव्हा विचार करा!

"आज काय घोळ नको घालू गो," आई एसटीत तीनदा म्हणाली. "गुरुजींच्या मनावर आपली चांगली छाप पडली पाहिजे."

"आई, मी कधी घोळ घालते?"

"म्हणूनच भीती वाटते. साठून राहिलाय."

सभागृहात पोचलो तर संघाचे कार्यवाह भोईरकाका धावत आले. सत्काराला माणसं डझनावारी आणि संघाकडे शाली दोन! पण संघाची एक जुनी रीत आहे. शाल पांघरायची, फोटो काढायचा, मंचामागच्या पायऱ्यांनी खाली उतरायचं आणि शाल परत द्यायची. ती पडद्यामागून फिरून पुढच्याच्या खांद्यावर जाते. नारळाचंही तेच. त्या नारळाचे इतके सत्कार झालेत की त्याला अधिवेशनात भाषण करायला हरकत नाही. कोणी तक्रार करत नाही. ग्रंथपालच ते, घेतलेलं परत करायचं हे त्यांच्या रक्तातच.

"तू पायऱ्यांशी बस," काका मला म्हणाले. "येईल त्याच्याकडून शाल घे, घडी घाल, माझ्याकडे पोचव. आणि आईक, तिसरी शाल शहापूरवरून येतेय. चांगल्यातली आहे. कोण घेऊन येतोय ते मला पण नाय माहीत. आली की फिरवायला घे."

पडद्यामागे, एकटी, कोणाशी बोलायचं नाही! मला वाटलं, माझ्यासाठीच हे काम निर्माण झालंय.

सुरुवात झकास झाली. फक्त एकच अडचण. सरस्वतीच्या फोटोसमोर दिवा लावायचा म्हणून सगळ्यांनी चपला खालीच काढल्या होत्या. सगळे पाय अनवाणी! अनवाणी पायांवरून मी कोणाला ओळखणार? पण ओळखायचं कशाला? शाल आली, घेतली, घडी घातली, दिली. आली, घेतली. मागे बसून बसून पाय बधिर झाले. बाहेर सत्कार चालूच होते.

तेवढ्यात पायऱ्यांवरून दोन पाय उतरले. वर मऊ, कॉफीच्या रंगाची लोकरी शाल. आली वाटतं तिसरी! निलगिरी तेलाचा वास येत होता, पण म्हटलं, कपाटातली असेल. मी हात पुढे केला. "जमा करा."

"काय?" अगदी कुजबुजता आवाज. ग्रंथपाल कुजबुजणारच, त्यात काय नवल?

"शाल. जमा करा."

"अगो पोरी, ही माझी..."

"सगळ्यांना तसंच वाटतं काका," मी पायांना सांगितलं. "पण पुढे माणसं थांबलीत."

आणि शाल खांद्यावरून ओढून घेतली! पाय थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग शिंकले. मग संडासाच्या दिशेने गेले.

पुढे काय झालं म्हणता? ती शाल झाली सगळ्यांची लाडकी! चार जणांचे सत्कार तिच्यातच झाले. एक बाई तर म्हणाल्या, "यंदा संघाने मन मोठं केलं हो! सर्दी पण मोकळी झाली." मी फुशारून गेले.

मग पुकारा झाला. आईचं नाव! सत्कार प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते. मी पडद्याच्या फटीला डोळा लावला आणि, काय करणार, आज पहिल्यांदाच मान वर केली. भोईरकाकांनी कॉफी रंगाची शाल पुढे केली. विशे गुरुजींनी ती हातात घेतली. उलटी करून बघितली. हुंगली.

मग त्यांनी शालीचं एक टोक आईच्या खांद्यावर ठेवलं. दुसरं सोडेचनात!

"फोटो, फोटो!" खालून कोणीतरी ओरडलं. आई हसत हसत टोक ओढतेय, गुरुजी हसत हसत धरून ठेवतायत. शेवटी आई दातांतून म्हणाली, "सोडा ना गुरुजी."

"गुरुजींना गहिवरून आलंय!" निवेदक माइकवर म्हणाले. टाळ्या! गुरुजी शिंकले. पुन्हा टाळ्या.

मी खाली बघितलं. गुरुजींचे पाय. ते पाय मला माहीत होते.

आता तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? भोईरकाकांना सांगायला हवं होतं. पण त्यासाठी बोलावं लागलं असतं. आई खाली आली, शाल देऊन गेली आणि मी गप्प घडी घातली. म्हटलं, शेवटी गुरुजींचाच सत्कार आहे, तेव्हा ही शाल त्यांच्याच अंगावर जाईल. आपोआप मिटेल सगळं.

आणि तसंच झालं की! अध्यक्षांनी गुरुजींना त्यांचीच शाल पांघरली. मी देवाला हात जोडले, सुटकेचा निःश्वास टाकला आणि डोळे मिटले. पाठीमागून भोईरकाका म्हणाले, "झोपलीस का गो? उतरतायत ते!" मी दचकले. समोर दोन पाय, वर शाल. हात आपोआप पुढे गेला.

"जमा करा."

"नाय देणार!" गुरुजींचा बसलेला आवाज त्या क्षणी सुटला. "घरून आणलीय मी ती!"

पाणी प्यायला म्हणून ते खाली उतरले होते, आणि भाषणाचा माइक त्यांच्या हातातच होता. सगळं सभागृह ऐकत होतं. पेंगणारेसुद्धा.

आई धावत पडद्यामागे आली. माझ्याकडे बघितलं, शालीकडे बघितलं. मग तिथल्या खुर्चीवर बसली, पदराने चेहरा पुसला आणि हळूच म्हणाली, "गेली पुस्तकं."

गुरुजी शाल घट्ट गुंडाळून वर गेले. घसा खाकरला.

"आयुष्यभर लोकांनी माझी पुस्तकं नेली," ते म्हणाले, "आणि परत आणली नायत. मागायची मला लाज वाटायची. आज एक पोरगी भेटली. प्रमुख पाहुण्याच्या अंगावरचं पण सोडत नाय! माझी पुस्तकं तिच्याच वाचनालयात जातील."

आई उठून उभी राहिली. टाळ्या, हशा, भोईरकाकांनी मला जवळजवळ उचललंच! मलाही वाटलं, चला, सुटलो.

"पण," गुरुजी म्हणाले, "निम्मी पुस्तकं शहापूर-मुरबाडमधे लोकांच्या घरी आहेत. ती तिनेच जमा करून न्यायची."

तेव्हापासून माझे सगळे रविवार असे जातात. एसटी, पायपीट, अनोळखी दारं, आणि दर दारात एक चेहरा, ज्याच्याकडे बघावंच लागतं. परवा किन्हवलीत एका घरासमोर उभी राहिले. पाय दुखत होते. अंगणात आजोबा धान्य निवडत बसले होते. मी मान वर केली, धीर केला, तोंड उघडलं. मी काही बोलायच्या आधीच आजोबा घराकडे वळून ओरडले,

"अगो, वाळत घातलेल्या शाली आत घे! ती आली!"