खिशात राहिलेली मंगलाष्टके

लिहिण्याचा अधिकार आपल्याला आहे असे मला कधीच वाटले नाही, आणि आज वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षीही वाटत नाही. म्हणून वाचकांची आधीच क्षमा मागतो. आजवर मी जे काही लिहिले ते सगळे इतरांच्या लग्नांसाठी. इथल्या मराठी मंडळात कोणाचेही लग्न ठरले की मंगलाष्टके रचण्याचे काम माझ्याकडे येते. दोन्ही घरांची माहिती मी कागदावर टिपून घेतो: मूळ गाव, कुलदैवत, आजी-आजोबा, मुलामुलींचे शिक्षण. मग पेन्सिलीने अक्षरे मोजत पाच कडवी शार्दूलविक्रीडितात बसवतो. खरी आठ हवीत. पण पाचव्यानंतर पाहुण्यांचे लक्ष जेवणाकडे वळते हे अनुभवाने कळले आहे. पुण्यात महाविद्यालयात शिकलेल्या संस्कृताचा सॉफ्टवेअरच्या नोकरीत कधी उपयोग झाला नाही, तो इथे कॅनडात, वॉटर्लूत, असा झाला. गद्य मात्र हे पहिलेच, आणि तेही एका नामुष्कीपायी.

आमच्या बेसमेंटमध्ये नागपूरची एक मुलगी भाड्याने राहत असे. आली तेव्हा विद्यार्थिनी होती, पुढे तिला एका कंपनीत नोकरी लागली. पहिल्या हिवाळ्यात ड्राइव्ह-वेवरचा बर्फ शोव्हल करायला ती आपणहून यायची आणि माझ्या हातातले फावडे काढून घ्यायची. "तुम्ही राहू द्या काका, तुम्ही बर्फालाही सॉरी म्हणून राहिले." माझ्या पत्नीला ती फार आवडे. मलाही.

२०१८च्या मे महिन्यात एका रविवारी सकाळी ती वर चहाला आली आणि म्हणाली, "काका, काकू, माझं लग्न ठरलं." पत्नीने साखरेचा डबा शोधण्याआधीच तिने पुढचे सांगून टाकले. हॅमिल्टनच्या इस्पितळात काम करणारी एक परिचारिका दर शनिवारी तिच्याकडे येत असे. आम्ही तिला मैत्रीण समजत होतो. लग्न तिच्याशी ठरले होते, सप्टेंबरात.

पत्नीने तिच्या हातावर साखर ठेवली. मी म्हणालो, "अभिनंदन." आवाज जरा अधिक औपचारिक निघाला.

"काका, तुम्ही मंगलाष्टकं लिहाल ना आमची? आई-बाबा तर येत नाहीत. आईने फोन ठेवून दिला, बाबा बोललेच नाहीत. तिकडचं कोणीच नसणार. निदान कानावर तरी आपलं काही पडावं."

"बघतो," मी म्हणालो. वास्तविक इतर कोणाच्या बाबतीत मी 'बघतो' म्हणालो नव्हतो.

जाता जाता तिने आणखी एक गोष्ट मागितली. जूनमध्ये प्रांताची निवडणूक होती. शाळेत मुलांना काय शिकवावे, निरनिराळ्या प्रकारची कुटुंबे असतात हे त्यांना सांगावे की नाही, यावर त्या वेळी मोठा वाद चालू होता. तिला मताचा अधिकार नव्हता, पण संध्याकाळी कामावरून आली की ती 'सांगावे' म्हणणाऱ्या एका उमेदवारासाठी घरोघर फिरत असे. त्याच्या प्रचाराची एक पाटी आमच्या हिरवळीवर लावायची तिला परवानगी हवी होती. मी होकार दिला. दोन तारांच्या पायांवरची ती पाटी तिने स्वतः मातीत रोवली आणि रस्त्यापलीकडे जाऊन सरळ दिसते का ते पाहिले.

पाटी सहा दिवस राहिली. सातव्या दिवशी, शनिवारी, मंडळाच्या कार्यकारिणीची बैठक आमच्या घरी होती. सकाळी मी गवताला पाणी घालायला बाहेर पडलो, आणि अध्यक्ष गाडीतून उतरून प्रथम ती पाटी पाहतील, हा विचार मनात आला. अध्यक्ष वाईट गृहस्थ नव्हेत. माझ्या शस्त्रक्रियेच्या वेळी पंधरा दिवस त्यांच्या घरून डबा येत होता. परंतु शाळेतल्या त्या धड्यांवर ते मंडळाच्या व्हॉट्सॲप गटात रोज काही ना काही पाठवत, आणि सगळे हात जोडलेली चित्रे टाकून अनुमोदन देत. मीही टाकत असे. मी पाटी उपटली, गॅरेजमध्ये नेली आणि विंटर टायर्सच्या चवडीमागे उभी केली. मग गवताला पाणी घातले.

बैठकीत सहलीचा विषय संपल्यावर पोह्यांची बशी हातात घेत अध्यक्ष म्हणाले, "काय हो कविराज, तुमच्या खालच्या मजल्यावर लगीनघाई आहे म्हणतात? आता त्यांचीही मंगलाष्टकं का? मग 'सावधान' नक्की कोणाला म्हणायचं?"

सगळे हसले. मीही हसलो. स्वयंपाकघरातून पत्नीचा आवाज आला, "ज्याला गरज असेल त्याला म्हणा. पोहे घ्या अजून." हसणे तिथेच थांबले, पण माझे आधीच होऊन गेले होते.

दुपारी बसमधून उतरून ती मुलगी घरी आली. हिरवळीवर तारांची दोन भोके तेवढी उरली होती.

"काका! पाटी चोरली ना कोणीतरी! काऊन करतात लोकं असं?"

उत्तर देण्याची हीच वेळ होती. मी भोकांकडे पाहत म्हणालो, "कोणास ठाऊक."

दुसऱ्या दिवशी तिने नवी पाटी आणून त्याच भोकांत रोवली. "काका, कोणी दिसलं तर मला लगेच सांगा," असे बजावलेही.

मतदान जवळच्या शाळेच्या व्यायामशाळेत होते. पुठ्ठ्याच्या आडोशामागे मी बराच वेळ उभा राहिलो. विजेची बिले फार वाढली आहेत, सरकार बदलले पाहिजे, मत काही एकाच प्रश्नावर द्यायचे नसते, असे मी स्वतःला समजावत होतो. यातले काहीही खोटे नव्हते. पण ज्या माणसाला स्वतःला एवढे समजवावे लागते त्याचे कारण बहुधा निराळेच असते. मी तिच्या उमेदवाराला मत दिले नाही. परतलो तेव्हा ती दारातच होती. "दिलं ना काका?" मी मान हलवली. मत दिले होते, एवढ्यापुरती ती खरीच होती.

निकाल माझ्या मताप्रमाणे लागला. दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी पेढे आणले. मी एक खाल्ला. आपण ज्या बाजूला मत दिले ती जिंकली की माणसाला बरे वाटते, तसे मला काही वेळ वाटलेही. मग खिडकीतून पाहिले तर ती मुलगी आपली पाटी काढून, तारांची माती पुसून, गठ्ठ्यात ठेवत होती. मी बाहेर गेलो आणि काहीतरी बोलायचे म्हणून म्हणालो, "पण लग्नाच्या कायद्याला काही धोका नाही ना?"

"नाही हो काका. कायदा तेरा वर्षांपासून आहे, तो कोण काढते? आमचं लग्न होईल. फक्त शाळेतल्या पोरांना आम्ही आहो म्हणून सांगायचं नाही, इतकंच." मग हसून म्हणाली, "म्हणजे आमच्या घरच्यासारखंच झालं की."

त्या आठवड्यात मी मंगलाष्टके लिहिली. कोणाला सांगितले नाही. नागपूरचे ऊन आले, हॅमिल्टनच्या पोलाद-भट्टीत आयुष्य काढलेले तिच्या होणाऱ्या सासऱ्यांचे हात आले, बर्फ उपसणेही आले. पहिल्या कडव्याची पहिली ओळ अशी होती:

आली दूर उन्हातुनी सुहृद ही, आली हिमातून ती

वाचकांपैकी ज्यांना हौस असेल त्यांनी अक्षरे मोजून पाहावीत. एकही अडत नाही. पाचही कडवी दोन दिवसांत झाली. मी केलेल्यांपैकी ती सर्वांत बरी आहेत असे मला वाटते, आणि हे म्हणतानाही संकोच होतो.

हे सांगायचे कारण असे, की ऑगस्टमध्ये तिने पुन्हा विचारले तेव्हा मी म्हणालो, "अगं, प्रयत्न केला. पण ही रचना परंपरेने वधू आणि वर यांच्यासाठी असते. वृत्तात अडचण येते."

तिला वृत्तातले काही कळत नव्हते, आणि मला कळते यावर तिचा विश्वास होता. "असू द्या काका," ती म्हणाली. "तुम्ही ट्राय केलं ना, बस झालं." ती खाली गेल्यावर पत्नी म्हणाली, "एवढं शिकलात ते याच कामी आलं म्हणायचं." कागद कोणत्या कप्प्यात आहे हे तिला ठाऊक होते.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयाचा तो निकाल आला. अशा माणसांचे प्रेम आता भारतात गुन्हा राहिला नव्हता. मुलगी कामावर जायच्या आधी धावत वर आली. तिने पत्नीला मिठी मारली आणि तिथूनच आईला फोन लावला. चार महिन्यांनी आईने तो पहिल्यांदा उचलला. बोलणे दोन मिनिटांत संपले. "काय म्हणाली गं?" पत्नीने विचारले.

"म्हणाली, गुन्हा नाही म्हणजे लग्न थोडीच झालं." तिने डोळे पुसले. "पण काकू, उचलला ना फोन!"

लग्नाच्या दोन दिवस आधी घडीच्या खुर्च्या काढायला ती गॅरेजमध्ये गेली. खुर्च्या टायर्सच्या मागे असतात हे तिला मीच सांगितले होते. पाटीचा मला त्या घडीला पूर्ण विसर पडला होता, आणि याचीही मला लाज वाटते. ती खुर्च्या घेऊन बाहेर आली, एक-एक पुसली, "सहा पुरतील काका," म्हणाली आणि खाली निघून गेली. संध्याकाळी मी गॅरेजमध्ये गेलो. मी पाटी भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. आता ती अक्षरे दिसतील अशी टायर्सच्या पुढे उभी होती, आणि तिच्या तारा पुसलेल्या होत्या.

लग्न एका बागेतल्या मंडपात झाले. पंचवीसेक माणसे होती, त्यांत मराठी आम्ही दोघेच. मंडळाच्या लग्नांसाठीचा अंतरपाट आमच्या घरी असतो. पत्नीने तो कोणालाही न विचारता इस्त्री करून नेला. "अध्यक्षांनी विचारलं तर सांगा, धुवायला टाकला होता," असे गाडीत मला म्हणाली. कोटाच्या आतल्या खिशात माझा कागद होता. तो मी का घेतला हे मला आजही सांगता येणार नाही. देण्याचे धैर्य नव्हते आणि घरी ठेवण्याचेही नव्हते.

अंतरपाटाचे एक टोक पत्नीने धरले, दुसरे त्या परिचारिकेच्या आईने. आणि मग ती परिचारिका, निळी साडी नेसलेली, हातात एक कार्ड घेऊन माझ्याकडे वळली आणि इंग्रजीत म्हणाली, "अंकल, मी अडखळले तर सांगाल ना?"

इंटरनेटवरून शोधून, रोमन लिपीत लिहून, तिने एक जुने छापील मंगलाष्टक पाठ केले होते. आपल्या वधूच्या कानावर काहीतरी मराठी पडावे म्हणून. इस्पितळाच्या पाळ्यांमधून तिने ते केव्हा पाठ केले असेल कोण जाणे. तिचे 'ळ' आणि 'ण' कुठल्या कुठे गेले, चालही भलतीच होती. अंतरपाटापलीकडे नागपूरची मुलगी आधी खुदकन हसली, मग तिचे हसणे ऐकू येईनासे झाले.

तिसऱ्या ओळीत ती अडली. कार्ड उलटसुलट केले. सगळे माझ्याकडे पाहू लागले. पत्नीनेही पाहिले, माझ्या चेहऱ्याकडे नव्हे, खिशाकडे. दोन पावले पुढे होऊन कागद उघडायचा होता. तिथे अध्यक्ष नव्हते, कार्यकारिणी नव्हती, हसणारे कोणी नव्हते. ज्यांना घाबरत होतो त्यांच्यापैकी एकही माणूस त्या बागेत नव्हता.

मी पुढचा शब्द सांगितला. त्या छापील कडव्यातला. तिने तो घेतला, कडवे पुरे केले आणि आम्ही अक्षता टाकल्या.

ऑक्टोबरात दोघींनी हॅमिल्टनमध्ये घर घेतले. निघताना मुलीने किल्ली परत दिली, आम्हा दोघांना वाकून नमस्कार केला आणि मला विचारले, "मग, बसलं का काका ते वृत्त?" आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपे गेले असते. मी म्हणालो, "नाही अजून."

याला वर्ष होऊन गेले. तेव्हा गावात रूळ टाकलेले होते आणि गाड्या नव्हत्या, आता एलआरटीची ट्राम दारावरून धावते. मंडळात मी तीन लग्नांची मंगलाष्टके लिहिली, सगळ्यांनी नावाजली. पत्नी दर महिन्याला हॅमिल्टनला जाते. मी कधी जातो, कधी काही निमित्त काढतो. गेल्या रविवारी मुलीचा फोन आला. तिची आई पहिल्यांदाच येणार आहे. एकटीच, तीन आठवड्यांसाठी, आणि बाबांना कॅनडातल्या कुठल्याशा मैत्रिणीचे नाव सांगून. आम्हाला जेवायला बोलावले आहे. "आईने विचारलं," ती पत्नीला म्हणाली, "लग्नात मंगलाष्टकं कोणी म्हटली म्हणून."

कागद अजून त्याच कोटाच्या खिशात आहे. घडीवर तो थोडा फाटू लागला आहे. आईच्या देखत तो मुलीच्या हाती द्यावा आणि सगळे सांगावे, पाटीपासून मतापर्यंत, असे मला वाटते. आणि लगेच असेही वाटते, की इतकी वाट पाहिल्यावर आलेल्या तिच्या दिवसात मी माझे ओझे नेऊन टाकू नये. पत्नीला विचारले तर ती म्हणाली, "मला कशाला विचारता?" म्हणून तुम्हाला विचारतो. तुम्ही माझ्या जागी असता, तर तो कागद तिला आता दिला असता का?