बटणाची मान

शर्ट हातात घेतला आणि शिवणवाली जागच्या जागी थिजली.

बटण नुकतंच लावलेलं होतं. ते कापडाला चिकटलेलं नव्हतं. खाली काडीभर जागा सोडून तिथे दोऱ्याचे तीन वेढे घट्ट दिलेले होते आणि गाठ शोधूनही सापडत नव्हती. असं बटण तिने स्वतः कित्येक वर्षांत लावलं नव्हतं. दुकानात गिऱ्हाईक डोक्यावर उभं असताना एवढी उसंत कुणाला?

"हे कुणी लावलं गं?"

"मी," आठ वर्षांची थोरली म्हणाली. "चुकलं का?"

गेले आठ महिने दर रविवारी सकाळी हे चौघं वृद्धाश्रमाच्या व्हरांड्यात ठाण मांडून बसत. शिवणवाली तिथल्या म्हाताऱ्यांचे उसवलेले कपडे शिवायची. नवरा वायरमन; 'सुईचं नि माझं सूत जुळत नाही' म्हणत तो शिडी घेऊन पंखे-दिवे बघत फिरायचा. थोरली शिवलेले कपडे खोल्याखोल्यांत पोचवायची. चार वर्षांचा धाकटा डब्यातली बटणं निवडायचा, एखादं गालात ठेवायचा आणि धपाटा खायचा. शेजारीण म्हणायची, "अगं, रविवारी तरी पोरांना लोळू दे. तुझा देव कधी सुट्टी घेतच नाही का?" ही नुसती हसायची. कला देवाने दिली, तेव्हा आठवड्यातले दोन तास त्याचे, एवढंच तिला ठाऊक.

"चुकलं नाही. पण शिकवलं कुणी?"

"चौदा नंबरच्या आजींनी. त्या म्हणतात, बटणाला मान हवी. मान नसली की ते गुदमरतं आणि तुटतं."

शिवणवालीच्या हातातली कात्री खाली पडली.

हे बोलणं जगात एकाच माणसाचं होतं. सतराव्या वर्षी वडील गेले, तेव्हा तिला मशीनवर बसवणाऱ्या शिवणबाईंचं. "बटणाला मान हवी आणि लावणाऱ्याला मान हवा," असं म्हणत बाईंनी तिची किती बटणं उसवली होती! दोन वर्षांपूर्वी 'लेकाकडे दूरदेशी राहायला जातेय' म्हणून त्यांनी निरोप घेतला. मग फोन लागेनासा झाला. रमल्या असतील नातवंडांत, असं ही धरून चालली.

"कधीपासून आहेत त्या इथे?"

"आपल्या आधीपासून. आईला सांगू नकोस म्हणाल्या. म्हणून नाही सांगितलं. आता तूच विचारलंस."

"काय गं, भूत पाहिलंस का?" नवरा शिडीवरून म्हणाला.

"बाई इथे आहेत. माझ्या बाई."

तो हातातला बल्ब तसाच धरून वर उभा राहिला.

चौदा नंबरचं दार आतून लावलेलं होतं. तिने कडी वाजवली.

"आज कपडे नाहीत द्यायचे," आतून आवाज आला. तोच आवाज, थोडा झिजलेला.

"बाई, मी आहे."

आत खाट करकरली. मग, "पोरीच्या पोटात शेवटी राहिलं नाहीच."

"तुम्ही तर लेकाकडे..."

"न्यायला येणार होता. आला नाही."

तिने वळून व्हरांड्यातल्या आपल्या जागेकडे पाहिलं. चाळीस पावलं. एवढ्याच अंतरावर बसून ती आठ महिने परक्यांची ठिगळं लावत होती!

"दार उघडा ना, बाई."

"नाही. तू गरजूंची सेवा करायला येतेस. मी तुझा हात धरून शिकवलंय. तुझ्याच पुढे फाटका पदर धरू? जा, बाळा."

तिच्या तोंडून भलतंच निघालं. "बाई, मी बटणाला मान ठेवत नाही हो. सगळी चिकटवूनच लावते. कधीची."

"काय?"

खाडकन कडी निघाली. दारात बाई उभ्या होत्या. निम्म्या झालेल्या, पण डोळे तेच. "लाज नाही वाटत? लेकीला येतं आणि आईला येत नाही! कुठाय तो गठ्ठा?"

थोरलीचा हात धरून त्या व्हरांड्यात आल्या, शिवणवालीच्याच जागी बसल्या आणि गठ्ठ्यातलं, तिने चिकटवून लावलेलं पहिलंच बटण त्यांनी कचकन कापलं. धाकट्याने गालातलं बटण काढून त्यांच्या पुढे धरलं. ते त्यांनी पदराला पुसून घेतलं.

"बघत काय बसलीस? दोरा ओव."

शिवणवालीने सुई घेतली. तीनदा प्रयत्न करूनही दोरा काही नेढ्यात जाईना.