ठरवलेला प्रश्न

आमच्या गणित विभागात शनिवारी दुपारी एम.एस्सी.च्या मुलांचा सेमिनार असतो. एकाने फळ्यापाशी उभं राहून एखादं प्रमेय समजावून सांगायचं, बाकीच्यांनी ऐकायचं आणि शेवटी प्रश्न विचारायचे. ही शेवटची गोष्ट मुलं काही केल्या करत नसत. म्हणून मी नियम केला: वर्गातून एक तरी प्रश्न आल्याशिवाय सेमिनार संपला असं मी म्हणणार नाही, आणि तोवर स्वतःही तोंड उघडणार नाही. मुलांनी त्यावर तोडगा काढला. बोलणारा आधीच मित्राला प्रश्न देऊन ठेवायचा आणि उत्तर पाठ करून यायचा. मित्र तळहातावर लिहिलेला प्रश्न वाचायचा, बोलणारा विचारात पडल्यासारखं करायचा आणि मग घडाघडा उत्तर. नाटक इतकं वाईट वठायचं की मला खिडकीबाहेर बघावं लागे. पण मी कधी कुणाला पकडलं नाही. खोटा का होईना, प्रश्न तरी येत होता.

दिंडोरीकडच्या एका गावातून येणारी एक मुलगी होती. कागदावर तिचं गणित सुरेख, फळ्यापुढे उभी राहिली की मात्र पाय लटपटायचे. पहिल्या सेमिनारला ती मधेच खडू ठेवून निघून गेली होती. दुसऱ्या सेमिनारच्या दिवशी सकाळी माझ्या खोलीत आली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "मॅडम, आज जमलं तर ठीक. नाय जमलं तर मी गणित सोडते. घरचे बँकेच्या परीक्षांचं म्हणतात, तेच बरं. सेमिनार झाला की येऊन सांगते तुम्हाला." मी काहीतरी मोघम बोलले. अशा मुलीला जाऊ द्यायचं जिवावर येतं, आणि थांब म्हणायचा मला अधिकार तरी काय?

तिचं प्रमेय सोप्या भाषेत असं, की एखाद्या जागेचा नकाशा त्याच जागेत जमिनीवर पसरला, तर नकाशावरचा एक आणि एकच बिंदू बरोबर आपल्या खऱ्या जागेवर पडतो. तिने नकाशाचं नावही काढलं नाही. फळा चिन्हांनी भरला, व्याख्या पुस्तकातल्या जशाच्या तशा, नजर सगळा वेळ फळ्याकडे. सगळं बरोबर होतं आणि वर्गाला काहीही कळलं नव्हतं. शेवटी "थँक यू" म्हणून ती वळली आणि तिने दुसऱ्या बाकाकडे बघितलं. तिथे तिची इगतपुरीची मैत्रीण बसायची. त्या दिवशी तिची गाडी रखडली होती. बाक रिकामा होता.

प्रश्न कुणाकडे होता ते सगळ्यांना ठाऊक. नियम माझा, त्यामुळे मीही गप्प. कुणी पेनाचं टोपण काढत होतं, पुन्हा लावत होतं. फळ्यापाशी उभ्या मुलीचा चेहरा उतरत चालला. नियम गेला खड्ड्यात असं म्हणून मी बोलणार, एवढ्यात तीच म्हणाली, "तर याचं उत्तर असं, की ती अट काढली तर प्रमेय लागू होत नाही." कुणी न विचारलेल्या प्रश्नाचं पाठ केलेलं उत्तर तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून टाकलं. मागच्या बाकांवर खसखस पिकली. काय झालं ते तिच्या लक्षात आलं आणि तिने खडू खाली ठेवला.

तेवढ्यात दार उघडलं. ओली छत्री घेऊन, धापा टाकत मैत्रीण उभी. बसायच्या आधीच तळहात बघून तिने विचारलं, "स्पेस कम्प्लीट असण्याची अट काढली तर काय होईल?"

सगळा वर्ग हसला. मीही हसले, लपवता आलं नाही. मैत्रीण बिचारी बावरून सगळ्यांकडे बघत राहिली. मग फळ्यापाशी उभ्या असलेल्या मुलीलाही हसू फुटलं आणि हसत हसत तिने तेच उत्तर पुन्हा म्हटलं. मैत्रिणीने फक्त मान डोलवून खाली बसायचं होतं. पण आधीचं काहीच तिच्या कानावर पडलेलं नव्हतं.

"थांब ना," ती म्हणाली. "अट कसली? नाय कळलं मला."

हे ठरलेलं नव्हतं. मुलीने वहीतला कागद फाडून जमिनीवर ठेवला आणि त्याच्याशेजारी बसली.

"हा आपल्या वर्गाचा नकाशा समज. वर्गातच पडलाय, म्हणजे नकाशात हा कागद पण असणार, बारका. त्यात आणखी बारका. असं आत आत जाऊन कुठं पोचशील?"

"एका ठिपक्यावर."

"तोच आपल्या जागेवर हाय." तिने पेनाच्या टोकाने कागदाला भोक पाडलं. "आता वर्गातली नेमकी तेवढीच जागा नाय असं समज. आत आत तर जाशील, पण पोचायला तिथं कायच नाय. असं भोक नको, म्हणून ती अट."

मुलं बाकांवरून उठून कागदाभोवती जमली होती. असे दोन ठिपके का नसतील, असं कुणीतरी विचारलं. नकाशात सगळी अंतरं कमी होतात, मग दोन्ही ठिपके आपापल्या जागी राहतील कसे, असं तिने त्यालाच उलट विचारलं. तिचे पाय लटपटत नव्हते. ती खाली बसलेली होती म्हणूनही असेल.

"आता कळलं," मैत्रीण म्हणाली.

"मला पण आत्ताच," ती म्हणाली.

खोलीत येऊन मी तिची वाट बघत बसले. चहा आला, निवून गेला. काय ठरवलं असेल तिने, हा एकच विचार डोक्यात. शेवटी कुलूप लावून निघाले, तर जिन्यात दोघी बसलेल्या आणि मधे तो भोक पडलेला कागद.

"मॅडम," तिने मान वर करून विचारलं, "नकाशा चुरगाळून टाकला तरी चालंल ना? तरी एक ठिपका जागेवर येईल?"

सकाळी काय सांगून गेली होती, ते ती विसरली होती. मीही आठवण करून दिली नाही. पर्स पायरीवर ठेवली आणि त्यांच्याशेजारी बसले.