मुक्ताच्या कानातलं पाणी

त्या हिवाळ्यात माझा देवावरचा विश्वास बराच डळमळला होता, हे आधीच कबूल करते. आमची चार वर्षांची मुक्ता सारखी पडत होती. अंगणात पडायची, सपाट खोलीत पडायची, एकदा तर नुसती उभी असताना पडली. आम्ही तेव्हा भोपाळला, कारखान्याच्या टाउनशिपमधल्या क्वार्टरमध्ये राहत होतो. नागपूरहून आलेल्या सासूबाई रोज तिची दृष्ट काढत. मी तीनदा तिचे बूट बदलले. आमचे हे कारखान्यात फिटर. त्यांनी लेव्हल आणून घरातली फरशीच तपासली. ती न्हाणीघराकडे किंचित कललेली निघाली, तेव्हा त्यांनी मोठ्या समाधानाने सिव्हिल विभागाकडे लेखी तक्रार केली. दोन माणसं आली, फरशीकडे बघून गेली. मुक्ता पडतच राहिली.

मग ती जिन्यावरून गडगडली आणि हनुवटीला टाके पडले. टाके घालणारे डॉक्टर म्हणाले, मुलं पडतातच. पण तिच्या डोक्यात तर काही नसेल ना, ही भीती माझ्या मनात बसली. ती मी कुणालाच सांगितली नाही. फक्त टाउनशिपच्या दत्तमंदिरात जाऊन देवाशी भांडले आणि मुक्ताला घेऊन एकवीस प्रदक्षिणा घालण्याचा नवस बोलले. पडणाऱ्या मुलीला गोल गोल फिरवायचा नवस आपण बोललोय, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

सातव्या प्रदक्षिणेला माझा हात सोडून ती पुढे गेली, भेलकांडली आणि सभामंडपात बसलेल्या एका अनोळखी बाईंच्या मांडीवर जाऊन आदळली. त्यांच्या द्रोणातला शिरा त्यांच्या साडीवर आणि मुक्ताच्या केसांत. मी "मुक्ता, मुक्ता" करत धावले आणि शरमेने माफी मागू लागले. बाईंचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. त्यांनी मुक्ताच्या पाठीमागून हळूच तिचं नाव घेतलं. ती वळली नाही. पुन्हा घेतलं. मुक्ता शांतपणे केसांतला शिरा खात होती.

त्या मला म्हणाल्या, "बेटी, ये गिरती बाद में है, पहले ये सुनती नहीं है. इसके कान दिखाओ."

त्या कान-नाक-घशाच्या वॉर्डातल्या निवृत्त नर्स होत्या. मंडीदीपची बस चुकली म्हणून सावलीत टेकल्या होत्या. देवळात फारशा येत नाहीत, असंही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं.

कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. सर्दीनंतर पडद्याच्या आड पाणी साचलं होतं. तोल सांभाळणारा भाग तिथे अगदी शेजारीच असतो, म्हणून ती झोकांड्या खाते, असं ते म्हणाले. बहुतेकदा हे पाणी आपोआप ओसरतं; तीन महिने वाट पाहू, नाहीच गेलं तर छोटी नळी बसवू. औषध काही दिलं नाही. सासूबाईंना डॉक्टर शिकाऊ वाटला.

ती वाट पाहणं मला नवसापेक्षा जड गेलं. तोवर मी देवापुढे हात जोडायची ते त्याला सूचना द्यायलाच. आता सुचवण्यासारखं काही उरलं नव्हतं. म्हणून मी नुसती बसू लागले, आणि बसता बसता मन निवत गेलं.

तिसऱ्या महिन्यात एका गुरुवारी आरती ऐन रंगात असताना मुक्ताने माझा पदर ओढला.

"आई, तू सगळ्यांपेक्षा वेगळं का गातेस?"

सगळं मंदिर हसलं. मी तिला उचलून तिच्या कानाचा मुका घेतला आणि उरलेली आरती माझी गायचीच राहिली. देवाने आणि मंडळींनी ते आनंदाने चालवून घेतलं.