उसाच्या ट्रॉलीचा दोर

जानेवारीत, काष्टीच्या आठवडी बाजाराच्या दिवशी सकाळी, नगर-दौंड रस्त्यावरच्या एका गावाजवळ गतिरोधकावर उसाच्या ट्रॉलीची एक बाजू ढासळली. शेजारून जाणारा मोटारसायकलस्वार उसाखाली गेला. त्याच्या उजव्या पायाचं हाड मोडलं. तो त्याच गावचा शेतकरी होता आणि बाजारात शेळी बघायला निघाला होता.

मी भिंगारहून दौंडकडे जात होतो. ट्रॉली ढासळताना मला दिसली नाही. पुढचा टेम्पो थांबला म्हणून मीही थांबलो. उतरून पुढे गेलो तेव्हा माणसं ऊस उपसत होती. ट्रॉलीतल्या भारावरून जो दोर बांधतात, त्याकडे मी पाहिलं नाही.

गतिरोधक गावानेच रास्ता रोको करून मागून घेतला होता. तिथे ट्रॅक्टर जवळजवळ थांबतो, आणि थांबला की ट्रॉलीतला ऊस ओढायचा, अशी तिथली पद्धत. थोडा म्हशीला, थोडा पोरांना. चालक ओरडत नाहीत, कारण ओरडलं तर पुढच्या खेपेला गाव ट्रॅक्टर अडवतं. फडात उसाच्या मोळ्या बांधून त्या एकावर एक रचलेल्या असतात. खालच्या मोळीतून दोन-चार ऊस ओढले की ती सैल होते आणि वरच्या मोळ्यांचा आधार जातो. ओढणाऱ्यांना हे माहीत असतं.

जखमीला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. मागे गाड्यांची रांग लागली होती. कोणीतरी म्हणालं, रस्ता मोकळा करा. गावाने तो फार लवकर मोकळा केला. डोक्यावर, सायकलवर, मोटारसायकलवर ऊस घरोघरी गेला. हवालदार पोहोचले तेव्हा डांबरावर फक्त पाचट उरलं होतं, आणि ट्रॉलीवर दोर नव्हता.

चालक शेवगावकडचा होता. ट्रॅक्टर दुसऱ्याचा, हा पगारावर.

"दोर न बांधता निघालास?" हवालदारांनी विचारलं.

"बांधला हुता साहेब. फडातून निघतानाच बांधला."

"मग गेला कुठं? उसानं खाल्ला?"

"गावानं खाल्ला," गर्दीतून कोणीतरी म्हणालं. दोघं-तिघं हसले.

चालक हसला नाही. "साहेब, बांधला न्हाई असं लिवलं तर लायसन जाईल. मालक आजच खाली उतरवंल. मला दुसरं काय येत न्हाई."

हवालदार त्याला घेऊन गावात शिरले. मीही मागे गेलो. तिसऱ्या की चौथ्या घरासमोर, म्हशीच्या पुढ्यात उसाचा भारा पडला होता आणि त्याला जाड नायलॉनचा दोर गुंडाळलेला होता. एक म्हातारी बाई तिथेच बसून ऊस तोडत होती.

"आजी, हा दोर माझा हाय."

"तुझाच आसंल. माझ्याकडं एवढा लांब कुठनं यायचा? रस्ता मोकळा करा म्हनले, केला. आता आभार मानायला आलास व्हय?"

हवालदारांनी भारा सोडायला लावला. दोराच्या एका टोकाला ट्रॉलीच्या कडीची गाठ तशीच होती. दुसरं टोक सरळ कापलेलं होतं.

"तुटलेला न्हाई हा. कापलाय," ते म्हणाले. "कुणी कापला, आजी?"

"मला काय ठावं? मी आले तवा रस्त्यात पडला हुता."

बाहेर गर्दी जमली होती. हवालदारांनी तोच प्रश्न तिथेही विचारला. ट्रॉली ढासळल्यावर माणसाला काढण्यासाठी दोर कापला असेल, तर तो बांधलेला होता हे उघड होतं. ढासळण्याआधी कापला असेल, तर अपघात कापणाऱ्याच्या माथी येत होता. त्या सकाळी कोयते होते ते ऊस ओढायला उभ्या असलेल्यांच्या हातात. "मी कापला" म्हणणाऱ्याला, तो तिथे कशासाठी उभा होता हेही सांगावं लागलं असतं.

"कोयता घरोघरी हाय, साहेब," एक जण म्हणाला. "सगळ्या गावालाच न्या की. ट्रॅक्टर लावा."

कोणी पुढे आलं नाही. ट्रॅक्टर ठाण्यात नेला गेला. चालकाचं लायसन हवालदारांनी ठेवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी परतताना मी दवाखान्यात गेलो. हवालदार जखमीचा जबाब घ्यायला आले होते. खाटेपाशी जखमीचा मेहुणा उभा होता.

"दाजी, दोर नव्हताच म्हना. मंग गावावर काय येत न्हाई," तो म्हणाला.

"तुम्ही गप बसा," हवालदार म्हणाले. "पाय त्यांचा मोडलाय."

 जखमी म्हणाला, "दोर हुता. निम्म्या मोळ्या त्याच्यातच लटकल्या हुत्या आन् माझ्यावर दाबत हुत्या. वरनं कोयत्याचे घाव ऐकू आले. मला वाटलं, माझ्याच पायावर बसत्यात. मंग एकदम वजन हललं, आन् मला वढून काढला."

"कोयता कुणाचा?"

"उसाखालनं तोंड दिसतंय व्हय? पाय दिसले."

"कुणाचे?"

"चपला हुत्या."

मेहुणा खिडकीकडे वळला. हवालदारांनी ऐकलं तसं लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. जखमीने सही केली.

गुन्हा चालकावरच नोंदवला गेला, तो प्रमाणाबाहेर उंच भार भरल्याचा. भार बांधला नव्हता, हा आरोप त्यात नव्हता. दोर कापणाऱ्याची नोंद अनोळखी इसम अशी झाली. ऊस ओढणाऱ्यांची कोणतीच नोंद झाली नाही. लायसन चालकाला परत मिळालं, आणि हंगाम संपेपर्यंत तो त्याच ट्रॅक्टरवर होता.