मामाची केबल आणि चाकांची खुर्ची

आमच्या वैजनाथमामाला चाकांच्या खुर्चीचं दुःख आहे. खुर्ची दुसऱ्याची आहे, हे तर फारच दुःख.

खडकी स्टेशनच्या पलीकडे मेहेंदळे साहेबांचा इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यांचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे तीन खोल्या आणि एक पत्र्याची शेड. परळीहून आयटीआय करून आलेला मामा तिथे अकरा वर्षं एका लोखंडी स्टुलावर बसून सोल्डरिंग करतोय. स्टुलाचा एक पाय आखूड आहे, त्याखाली त्याने रबराचा तुकडा चिकटवला आहे. सत्त्याण्णवच्या गणपतीनंतर नीरजा नावाची मुलगी प्रोग्राम लिहायला आली आणि तिच्या पहिल्याच दिवशी टेम्पोतून तिची खुर्ची आली. गोल फिरणारी, वरखाली होणारी.

"तेवीस वर्षांची पोरगी," मामा त्या दिवशी जेवताना म्हणाला. "बसल्या बसल्या इकडून तिकडं जातीय. पाय म्हणून हलवायचे नाहीत."

"तुमचे पाय शाबूत आहेत ना?" मामी म्हणाली. हेमामामी शनिवार पेठेतली. तिचं सांत्वन इतकंच असतं.

मामा कारखान्यातलं सगळं रोज जेवताना सांगतो, पण नकला त्याला जमत नाहीत. त्याचे मेहेंदळे साहेब परळीचे वाटतात आणि त्याची नीरजा मांजरासारखी बोलते. खंडेनवमीच्या पूजेला कारखान्यात मी सगळ्यांचे आवाज नीट ऐकलेले असल्यामुळे इथे ते दुरुस्त करून लिहिले आहेत.

साहेब मामाला हाक मारायचे ती अशी: "वैजनाथ. अरे, कुठे आहेस?" आणि नीरजाला: "नीरजा, आपल्याला दोन मिनिटं वेळ आहे का?" वेळ आहे का, हे मामाला अकरा वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. चहाही आधी तिच्या टेबलावर जायचा. ती मामाला 'काका' म्हणायची. मामा अडतीस वर्षांचा आहे. पहिल्यांदा म्हणाली त्या रात्री त्याने कानाजवळचे तीन पांढरे केस उपटले.

पण एका बाबतीत मामाला कोणी हात लावू शकत नव्हतं. ती त्याची केबल. काटा असो, लेबल छापणारा प्रिंटर असो, कॉम्प्युटरच्या सिरियल पोर्टला काहीही जोडायचं म्हटलं की केबल मामानेच बनवायची. टोकाच्या कनेक्टरचं झाकण बंद करून स्क्रूवर तो मामीच्या गुलाबी नेलपॉलिशचा एक ठिपका द्यायचा. ठिपका तडकलेला दिसला म्हणजे कोणीतरी झाकण उघडलं. कारखान्याचा रिवाजच होता, गुलाबी ठिपका कोणी खरवडायचा नाही. "अकरा वर्षांत एक केबल परत आली नाही," हे वाक्य मामा महिन्यातून चारदा म्हणतो.

त्या झाकणात एक गुपित होतं. कॉम्प्युटर एका तारेवरून विचारतो, 'पाठवू का?' समोरचं यंत्र दुसऱ्या तारेवरून सांगतं, 'पाठव' किंवा 'थांब'. मामाच्या सुरुवातीच्या काळातले काटे उत्तरच द्यायचे नाहीत. कॉम्प्युटर वाट बघत बसायचा आणि गिऱ्हाईक फोन करायचं, "तुमचं मशीन झोपलं." मग मामाने युक्ती काढली. समोरून येणारी तार आतच तोडायची आणि प्रश्नाची पिन उत्तराच्या पिनेला एका इवल्या तारेने जोडून टाकायची. कॉम्प्युटर आपणच विचारणार आणि आपणच ऐकणार. मशीन पुन्हा कधी झोपलं नाही. केबलचा नकाशा मात्र मामाने पुस्तकात असतो तसा काढला, सगळ्या तारा सरळ. युक्ती कशाला कागदावर ठेवायची?

डिसेंबरात औषधाच्या एका कंपनीने मोठं काम दिलं. गोळ्यांच्या खोक्यांचं वजन करायचं आणि प्रत्येक खोक्याचं लेबल लगेच छापायचं. शुक्रवारी त्यांची माणसं बघायला येणार होती. सोमवारी नीरजाने प्रोग्राम चालवला. चार लेबलं देखणी आली. पाचव्यावर अक्षरं गळाली, सहाव्यावर नुसता शिमगा.

साहेबांनी लेबल चष्म्याजवळ धरलं. "औषधाचं नाव अर्धंच दिसतंय. उरलेलं रुग्णाने ओळखायचं का?"

मंगळवारी तिने पाठवायचा वेग कमी केला. सात लेबलं नीट आली, आठवं बिघडलं. मग ती खुर्ची सरकवत मामाच्या स्टुलाशी आली.

"काका, केबल एकदा बघायची का?"

"केबल बघायची नाही," मामा म्हणाला. "अकरा वर्षांत एक परत आली नाही."

ती परत सरकत गेली. बुधवारी तिने एक छोटासा प्रोग्राम लिहिला. प्रिंटर काय उत्तर देतोय एवढंच तो पडद्यावर दाखवायचा. दिवसभर 'पाठव, पाठव' असंच येत राहिलं. संध्याकाळी तिने प्रिंटरचं बटण बंद केलं आणि मामाला बोलावलं.

"काका, गंमत बघा. प्रिंटर बंद आहे आणि तरी तो म्हणतोय, पाठव."

मामाला त्या क्षणी कळलं. प्रिंटर हळू छापतो, त्याचं पोट भरलं की तो 'थांब' म्हणतो, आणि त्याचं 'थांब' मामाच्या झाकणात तुटलेल्या तारेवर येऊन मरतं. कॉम्प्युटर आपलं ओततच राहतो. मामाने पडद्याकडे पाहिलं, टेबलावरच्या आपल्याच नकाशाकडे पाहिलं, मग खुर्चीकडे पाहिलं.

"प्रोग्राम चुकला असंल," तो म्हणाला.

तिने नकाशावर बोट फिरवून पाहिलं. तार सरळ होती. "हो, माझंच काहीतरी," म्हणून तिने प्रोग्राम पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहायला घेतला.

हे मामाने घरी अगदी रंगवून सांगितलं. ती कशी डोळे बारीक करते, पेन्सिल कशी केसात खुपसते, सगळं.

"मग तिला सांगितलंत का?" मामीने पोळी वाढता वाढता विचारलं.

"विचारलं की सांगू."

"विचारलं की तिने. दोनदा."

मामाने वरण मागितलं.

गुरुवारी सकाळी साहेब शेडमध्ये सगळ्यांसमोर नीरजाला म्हणाले, "हे बघा, उद्यापर्यंत आपल्याला जमणार नसेल तर तसं सांगा. बाहेरून तयार प्रोग्राम आणू. मग मात्र आपल्याला इथे करण्यासारखं काही उरणार नाही."

मामा याच वाक्याची तीन महिने वाट बघत होता. खुर्चीचं पुढे काय करायचं, हेही त्याने ठरवून ठेवलं होतं. उंची दोन इंच कमी करायची.

"चूक माझीच आहे, सर," नीरजा म्हणाली. "वैजनाथकाकांची केबल नकाशाप्रमाणे आहे. त्यांची एकही केबल आजवर परत आलेली नाही."

"मेली, माझंच वाक्य मला," मामा रात्री ताट पुढे घेऊन म्हणाला. मला वाटतं, बोलणी खातानाही ती त्याच्यापेक्षा बरी दिसली, हे त्याला जास्त लागलं होतं.

पण हे जेवताना. त्याआधी संध्याकाळी घरी आल्या आल्याच त्याने पिशवीतून केबल काढली होती. गुलाबी ठिपका खरवडला, झाकण उघडलं, अकरा वर्षांच्या युक्तीची ती इवली तार सोल्डरगनने सोडवली आणि प्रिंटरची तार तिच्या जागी नेऊन लावली. दहा मिनिटांचं काम. मग बाटली मागितली.

"गुलाबी संपलं," मामी म्हणाली. "हे घ्या. डाळिंबी आहे."

"चालतंय. रंग कोण बघायलंय."

शुक्रवारी औषधाच्या कंपनीची दोन माणसं आली. नीरजाने प्रोग्राम सुरू केला. चार लेबलं आली, पाचवं आलं, आठवं आलं. प्रिंटर मध्येच थांबायचा, दम घ्यायचा, पुन्हा चालायचा. चाळीसच्या चाळीस लेबलं आली आणि एकही अक्षर गळलं नाही. पाहुणे चहा घेऊन, हात मिळवून गेले.

साहेब मामाकडे वळले. "बघितलंस वैजनाथ? डोकं लागतं. नुसत्या तारा जोडून होत नाही."

नीरजा कनेक्टरच्या स्क्रूकडे बघत होती.

आता मामाने गप्प बसायचं होतं, बस. सगळं निभावलं होतं. पण साहेब तिला म्हणाले, "नीरजा, आपण कमाल केलीत," आणि मामाच्या तोंडून निघून गेलं, "केबल मी बदलली, साहेब. काल. घरी. तिनं काय केलं?"

"म्हणजे केबल चुकीची होती," साहेब सावकाश म्हणाले.

मामाने स्टुलाखालचा रबराचा तुकडा पायाने नीट केला.

"आणि हे तुला ठाऊक होतं."

"बुधवारपासून," मामा म्हणाला. खोटं बोलायचं त्याला सुचलंच नाही.

"छान. म्हणजे तीन दिवस ही मुलगी आपली चूक शोधत होती आणि चूक तुझ्या खिशात होती. अशा आणखी किती केबल आहेत बाहेर?"

"सगळ्याच."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मग प्रत्येक गिऱ्हाइकाकडे जायचं. एकेक उघडायची. आणि नेलपॉलिश घरी ठेवायचं, ते बायकांना शोभतं." ते निघून गेले.

नीरजाने केबल हातात घेतली. "चुकीची नव्हती, काका," ती म्हणाली. "जुन्या काट्यांना हीच लागत असणार, नाहीतर मशीन अडकलं असतं. ही युक्ती कोणी शिकवली तुम्हाला?"

"कोणी नाही. मीच काढली."

"मग नकाशात का नाही दाखवली?"

तिने कोरा कागद काढला, उठली आणि खुर्ची त्याच्याकडे ढकलली. "बसा. दोन्ही नकाशे काढा, जुन्याचा आणि नव्याचा. मी तुमच्याबरोबर येईन गिऱ्हाइकांकडे. डाळिंबी बघितलं तेव्हाच कळलं होतं मला. म्हटलं, बघू सांगतात का."

मामा खुर्चीवर टेकला. खुर्ची मागे सरकली. त्याने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली आणि तसाच, एका हाताने टेबल धरून, दोन्ही नकाशे काढले.

"खुर्चीत काही दम नाही," त्या दिवशी जेवताना तो म्हणाला. "सरकतीय नुसती."

मामीने भात वाढला.

"तिच्याखाली मात्र आपोआप सरकत नाही," मामा म्हणाला. "ती कशी बसतीय, कुणास ठाऊक."